चाक थांबेना

भूतबाधा, करणी असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचे. शाळेत खेळ शिकवते मी. पोराला चक्कर आली तर उपाशीपोटी आला असशील, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितेय...

आमचं घर जवळा बाजारला. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि कुत्री, म्हणून मी सायकल वरच्या खोलीत ट्रेनरवर चालवते. ट्रेनर म्हणजे लोखंडी स्टँड. मागचं चाक त्याच्या रोलरवर फिरतं, सायकल जागेवरच. लॅपटॉपवर एक मोफतचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर आहे. टायर बदलला की रोलर चाकाला किती अडवतो ते नव्याने मोजावं लागतं. वेग तीसवर न्यायचा, पाय थांबवायचे — चाक किती सेकंदांत थांबतं त्यावरून सॉफ्टवेअर आकडा काढतं.

एप्रिलमधली दुपार, तीनचा सुमार. नवरा हिंगोलीला गेलेला. खाली फक्त सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना शुगर आहे. मी हाफ पँटवर होते, म्हणून आतून कडी.

पहिल्यांदा तेरा सेकंद. दुसऱ्यांदाही तेरा. तिसऱ्यांदा पाय थांबवले... वेग उतरत अठरावर आला आणि तिथेच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. ब्रेक दाबला. रबर चाकाला घट्ट चिकटलेलं दिसत होतं, तरी चाक फिरतच होतं! उतरायला गेले. माझे बूट पेडलमध्ये अडकणारे, टाच बाहेर वळवली की सुटतात. टाचा वळेनात. बुटाचे पट्टे काढावेत म्हटलं, तर हात हँडलवरून निघेनात.

तेवढ्यात दारावर थाप.

"सूनबाई, कडी काढ गं. मला गरगरून राहिलं."

"आत्या, मी अडकलेय! शेजारी हाक मारा!" मी जीव तोडून ओरडले.

बाहेरून शांत उत्तर आलं, "बरं. बसते मी हितंच."

मग पाठ दाराला घासत त्या खाली बसल्याचा आवाज. मी ओरडत राहिले, रडले. बाहेर बांगड्या किणकिणल्या... मग त्याही थांबल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. चाक एकदम थांबलं आणि हातपाय सुटले. दार उघडलं तर आत्या चौकटीला टेकून, घामाने चिंब, डोळे मिटलेले. साखर एकदम उतरली होती. थोड्या शुद्धीत होत्या म्हणून घोट घोट साखरपाणी पाजता आलं. जरा बरं वाटल्यावर त्यांनी माझा हात झटकला.

"काहून असं केलंस गं? पाच मिनिटं थांबा म्हनलीस... तेबी हसून."

"आत्या, मी ओरडत होते हो!"

"मी काय बहिरी न्हाई. तुझाच आवाज व्हता."

सॉफ्टवेअरमध्ये नोंद होती. एकवीस मिनिटं, वेग अठरा, सरळ रेघ. पेडल बंद. चाकाला विरोध — शून्य. मी ती फाइल त्या सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन फोरमवर टाकली. सेन्सर बिघडला असेल, असं एकाने लिहिलं. असेलही. पण माझ्या आवाजात आत्यांशी बोललं कोण, हे त्याला काय विचारणार?

उलगडा आजही नाही. आत्यांचा राग केव्हाच गेला. पण बाहेरून हाक मारून माझ्या उत्तरावर त्या आता थांबत नाहीत. आत येतात, आधी माझं तोंड निरखून बघतात, आणि मगच बोलतात.