नियम बदलला तेव्हा

शेवगावजवळच्या आमच्या चर्चमध्ये सुवार्ताबाई दर रविवारी मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलचा वर्ग, घ्यायच्या. अब्राहामाची गोष्ट त्यांच्या खास आवडीची. देवानं त्याला वचन दिलं तेव्हा मोशे जन्मलाही नव्हता, त्याच्या हातून आलेलं आज्ञांचं नियमशास्त्र तर शेकडो वर्षांनी आलं. "मग आधी काय आलं रे?" असं त्यांनी विचारलं की पोरं ओरडायची, "वचन!"

बाईंचा नवरा पुण्याला कंपनीत गेला आणि तिकडंच दुसरीबरोबर संसार थाटून बसला. कोर्टातून सोडचिठ्ठी मिळाल्यावर बाईंनी वाल्मिकशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. वाल्मिक टेम्पो चालवायचा. लग्नाच्या कितीतरी आधी त्यानं आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यापायी भावकीनं त्याला टाकलं होतं.

चर्चच्या पंचांचे पुढारी आबासाहेब. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "तुमचा पहिला नवरा जिता हाय. हे लग्न नियमात बसत न्हाई."

"आबा, नियमानं वचन रद्द होत नाही, हे बायबलात पौलानंच सांगितलंय."

"पौल आमाला शिकवू नका, बाई."

शाळा काढून घेतली. दोघांना प्रभुभोजन बंद झालं. तरी दोघं दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसायची. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट पुढच्या बाकापर्यंत यायचं आणि तिथूनच मागं फिरायचं. आम्ही सगळे ते बघत होतो. कुणी काही बोललं नाही.

मग वाल्मिकच्या किडन्या गेल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या तो एकच म्हणायचा, "मला मंडळीच्या दफनभूमीतच ठेवा. दुसरं कोन हाय मला?"

तो गेला त्या सकाळी बाई आबासाहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. आबासाहेब ओट्यावरूनच म्हणाले, "दफनभूमी सभासदांची हाय. तुमचं सभासदपन कधीच गेलं." शेजारी बसलेले चर्चचे पाळकसाहेब खाली मान घालून आपल्या चपलांकडं बघत राहिले.

टेम्पोवाल्या चार मित्रांनी वाल्मिकला ओढ्याकाठच्या पडीक जागेत मूठमाती दिली. प्रार्थना बाईंनीच म्हटली. पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला, काठ खचला आणि मातीचा उंचवटासुद्धा उरला नाही.

आबासाहेबांची मुलगी मोनिका संगमनेरला दिलेली. नवरा मारायचा. शेवटी तिनं घटस्फोट घेतला आणि तिला दुसरं स्थळ आलं. पंचांची बैठक बसली आणि एकाच संध्याकाळी नियम बदलला. चर्चपुढं मांडव पडला. पाळकसाहेबांनी भर लग्नात संदेश दिला, की वचन आधी आलं, नियमशास्त्र मागाहून आलं. कर्ण्यावरून तो बाईंच्या घरापर्यंत ऐकू गेला.

त्याच आठवड्यात आबासाहेब आणि पाळकसाहेब बाईंच्या घरी आले.

"सलाम, बाई," आबासाहेब म्हणाले. "आता तो नियम ऱ्हायला न्हाई. रविवारी या. शाळा बी तुमीच घ्या."

"मोनिकाचं चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "त्या माणसाकडं तिला परत पाठवणारा नियम मोडायलाच पाहिजे होता."

"मग या की."

"आणि वाल्मिक?"

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, "त्यांच्या नावाची फरशी बसवू ना दफनभूमीत."

"फरशीखाली काय ठेवाल? ओढ्यानं काही ठेवलंय का?"

चहा तसाच निवत होता.

"देवाचं वचन तेव्हाही खरं होतं," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी वाल्मिकनं सगळं गणगोत सोडलं. आणि तुम्ही त्याला मरेपर्यंत सांगत राहिलात, की ते तुझ्यासाठी नाही."

बाई रविवारी आल्या नाहीत. पुढंही कधी आल्या नाहीत. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाई, माफ करून टाका ना आता."

"माफी मागायला कुणी आलंच नाही," त्या म्हणाल्या. "नियम बदलला, एवढं सांगायला आले होते."

शब्बाथ शाळा आता मोनिका घेते.