लिफ्टवाले काका जिना चढतात

लिफ्टवाले काका एकतीस वर्षं स्टुलावर बसूनच दिवसाला पन्नासदा नवव्या मजल्यावर जात आले होते. जिन्याशी त्यांचा छत्तीसचा आकडा. पण आफ्रिकेतल्या एका डोंगराळ देशात मास्तरीण असलेल्या लेकीचं बोलावणं आलं आणि काका तयारीला लागले. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, हिवतापाच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. तेवढ्यावर सुटका होईल तर शपथ! सातव्या मजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिथं उंचावर हवा विरळ असते. दमानं चालायचं, पाणी पीत राहायचं. आणि उद्यापासून रोज जिना चढायचा!"

दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेआधीच काका बाटली घेऊन जिन्याला लागले. पहिल्या मजल्यावर गुडघे कुरकुरले, तिसऱ्यावर छातीचा भाता झाला. इतक्यात मागून पावलं वाजली. आठव्या मजल्यावरचे वकीलसाहेब, नवव्यावरच्या शिंपीणबाई, खुद्द डॉक्टरीणबाई, सगळे धापा टाकत वर येत होते. काकांना भरून आलं. आपल्याला सोबत करायला किती माणसं!

सातव्या मजल्यावर डॉक्टरीणबाई भिंतीला टेकल्या. "काका, लिफ्ट कधी दुरुस्त होणार हो?"

"लिफ्टला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे की!"

"मग तुम्ही जिन्यावर कसे?" वकीलसाहेब कडाडले. "लिफ्टवालाच जिना चढतोय म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?"

काका घोटभर पाणी प्यायले.

"मला आफ्रिकेच्या डोंगरात जायचंय, साहेब. बाई स्वतःचाच सल्ला विसरल्या. पण तुम्ही कुठं निघालात?"