घरावरची मोहाची फांदी

झाड छाटून झालं की खाली दोन ढीग पडतात. एक फांद्यांचा, दुसरा किश्शांचा. फांद्या लोक सरपणाला घेऊन जातात. किस्से मात्र कुणी उचलत नाही, ते आमच्याच गाडीत साठत जातात. शहाद्याहून नंदुरबारला येईपर्यंत जुना एखादा बाहेर पडतो आणि नवा एखादा आत शिरतो.

आमची टोळी चौघांची. वर चढणारे जामसिंगदादा, मोलगीच्याही वर डोंगरात त्यांचा पाडा. मशीनची करवत चालवणारा दानियल, नवापूरकडचा. गाडी चालवणारे आणि खालून दोर धरणारे भटूआप्पा, शहाद्याचे. चौथा मी. कुठली फांदी कुठून कापायची हे मी ठरवतो आणि ते ठरवताना फार बोलतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जिल्हाभर लोकांच्या घरांवरच्या धोक्याच्या फांद्या उतरवणाऱ्या जामसिंगदादांच्या स्वतःच्या घरावर मोहाची एक पोकळ फांदी आली होती. खाली त्यांच्या दोन मुली झोपायच्या. आणि त्यांचे वडील त्या फांदीला हात लावू देत नव्हते!

* * *

हे काम आम्ही रीतसर शिकलो, एका शिबिरात. तिथल्या सरांचा पहिला नियम होता, पट्टा बांधल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

जामसिंगदादांना हा अपमान वाटला. माणूस लहानपणापासून अनवाणी मोहावर चढलेला, त्याला पट्टा? दुसऱ्या दिवशी ते पट्टा, कड्या, दोर असा सगळा संसार अंगावर घेऊन जेवायला आले. ताटावर बसताना कड्या वाजल्या तसे सगळे वळून पाहू लागले. सरांनी विचारलं, हे काय?

"तुम्हीच सांगितलं, पट्ट्याशिवाय पाय उचलायचा नाही. इथं चालत यावं लागलं."

सरही हसले. पण त्याच आठवड्यात एका शिरीषावर दादांच्या पायाखालची फांदी कुजकी निघाली आणि ते पट्ट्याला लटकून गोल गोल फिरत राहिले. तेव्हापासून ते पट्ट्याची चेष्टा करत नाहीत. आम्ही करतो.

लाकडी हातोडीनं खोड ठोकून आत पोकळ आहे का ते ऐकायचं, हेही तिथंच शिकलो. सुट्टीत दादा घरी गेले आणि त्यांनी पहिल्यांदा घरावरची मोहाची फांदी ठोकली. लगेच मला फोन आला. म्हणाले, "मास्तर, ढोल वाजतोय."

वडिलांनी हातोडी काढून घेतली. त्यांच्याकडची रीत वेगळी. मोठ्या झाडाला हत्यार लावण्याआधी त्याला विचारायचं. बुंध्याशी तांदूळ ठेवायचे, चिमूटभर उचलायचे आणि दोन-दोन दाणे बाजूला करत जायचं. जोड्या पुऱ्या झाल्या तर झाडाची हरकत नाही. एक दाणा उरला तर नाही म्हणजे नाही. म्हाताऱ्यानं विचारलं आणि एक दाणा उरला!

दादा चिडून कामावर परतले. त्यानंतर कुठल्याही मालकानं झाडाबद्दल का-कू केली की ते म्हणायचे, "झाडाला काय विचारता, मला विचारा." त्यांच्या या बोलण्यातला कडवटपणा आम्हा तिघांनाच कळायचा.

* * *

नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता. काम सोपं. दादा वर, फांदीला दोर, खाली भटूआप्पा. फांदी अलगद उतरवायची एवढंच.

फांदी सुटली आणि वारा फिरला. सगळी लाल धूळ आमच्या अंगावर! वर दादा शिंकायला लागले, खाली आप्पा. आप्पा शिंकले की दोर हातभर सैल व्हायचा, फांदी हातभर खाली. पुन्हा शिंक, पुन्हा हातभर. मी ओरडलो की दोर नीट धरा.

"मास्तर, मन्हा हात दोरवर शे, नाक कोन धरी?"

मिरचीवाले शेठ तोंडाला उपरणं बांधून शांतपणे पाहत होते. त्यांना सवय. ते म्हणाले, "हाई फांदी उतरी ऱ्हायनी का नाची ऱ्हायनी?"

फांदी नीट उतरली. आमच्या डोळ्यांची लाली रात्री जेवणापर्यंत उतरली नव्हती.

* * *

शहाद्याजवळ तीन भावांची शेतं जिथं मिळतात, तिथं बांधावर त्यांच्या वडिलांची एक चिंच आहे. वाटणीत झाड कुणा एकाला गेलं नाही. ज्याच्या शेताकडे फांद्या, त्याच्या चिंचा.

मधल्या भावाकडची एक मोठी फांदी वाळून गेली होती. मी तिच्यावर खडूची खूण केली. मधला भाऊ आडवा झाला. त्याच्या एकट्याची फांदी कमी का व्हावी?

"त्यासनी बी एकेक कापा, नहीते मन्ही बी ऱ्हाऊ द्या."

मी समजावलं की ही मेलेली आहे, तिला चिंच लागणारच नाही. ते त्याला मान्य होतं. पण न्याय म्हणजे न्याय! बाकीचे दोघेही विचारात पडले, हे त्याहून भयंकर. थोरला तर किडलेल्या दाढेमुळे गालाला रुमाल बांधून उभा होता, त्यालाही ते रास्त वाटू लागलं.

वरून दादांनी विचारलं, "थोरल्या भाऊंची दाढ काढतील तेव्हा तुम्ही दोघं एकेक काढणार का?"

फांदी उतरली. थोरले म्हणे त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे गेले.

* * *

दानियल मशीन सुरू करण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करतो. लहानशीच असते. एकदा एका वाकलेल्या निलगिरीखाली जरा लांबली. दादा वर लटकलेले. ते म्हणाले, देवाला सांग, पण एकदा दोरही बघून घे.

डोळे न उघडता दानियल म्हणाला, "दोर बघितला, म्हणूनच चाललंय."

आम्ही दोर बदलला.

* * *

आमच्या धंद्यात कापणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं म्हणजे कचरा उचलणं. प्रकाशा गावात नदीच्या घाटाजवळ एक बेल छाटायचा होता. श्रावण होता आणि सोमवारही होता. हा दिवस मी ठरवला होता, म्हणून त्याबद्दल टोळीत आजही माझं नाव निघतं.

पहिली डहाळी खाली आली ती जमिनीला टेकलीच नाही. महादेवाला निघालेल्या बायांनी वरच्यावर झेलली. मग रांग लागली. "दादा, त्रिदळ पाहून टाका." "दादा, किडकं नको." एका आजींनी तर दादांना बोट दाखवून सांगितलं, ती नाही, त्या वरची. वर पट्ट्याला लटकलेला माणूस भाजीवाल्यासारखा डहाळ्या निवडून देऊ लागला. मी मध्ये पडून थांबवलं नसतं तर त्या बेलाची नुसती काठी राहिली असती.

खाली एक पानही उरलं नाही. आप्पा झाडू घेऊन उभे होते. म्हणाले, "आज झाडू वाया गया."

आम्ही हसत होतो, तेवढ्यात दादांचा फोन वाजला. आदल्या रात्रीच्या वाऱ्यात मोहाची एक डहाळी कौलं फोडून घरात आली होती. मोठी फांदी नव्हे, तिची पोर म्हणा. ती धाकट्या मुलीच्या उशाशी पडली. वहिनींनी सकाळीच दोन्ही मुलींना घेतलं आणि माहेर गाठलं. निरोप ठेवला होता की फांदी आहे तोवर परत येणार नाही. दादा बेलाच्या बुंध्याशी टेकून बसले.

* * *

मग मीच म्हटलं, चला, चौघं मिळून म्हाताऱ्याला समजावू. मी वाटेत जीपमध्ये भाषण तयार केलं. पोकळी किती, वजन किती, वारा कुठल्या बाजूनं येतो, सगळं. दादांच्या वडिलांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांच्या बोलीत एकच वाक्य बोलले. दादांनी आम्हाला मराठीत सांगितलं, पण सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

"म्हणतात, मोह आधीचा आहे. घर नंतर आलं. घर हलवा."

मला राग आला. चार शिकलेल्या माणसांची चेष्टा चाललीय असं वाटलं. पण दानियल घराभोवती फिरून आला आणि म्हणाला, मास्तर, हलेल की! सागाचे खांब, भिंतींना बांबूचे कुड, वर कौलं. आपण यापेक्षा अवघड ओझी उतरवलीत.

पाऊस सरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. तिकडे घर उभारायचं असलं की अख्खा पाडा येतो. मजुरी नाही, जेवण घरधन्याचं. बायांनी हातोहात कौलं उतरवली. माणसांनी कुड उचलून नेले. वरचं आढं खाली घ्यायची वेळ आली तेव्हा दादांनी मोहाच्या भक्कम फांदीला आमची कप्पी बांधली आणि आप्पांनी दोर धरला. झाड उतरवणारी आमची टोळी झाडाच्या आधारानं घर उतरवत होती! म्हातारा बुंध्याशी बसून विडी ओढत होता आणि मधूनमधून आप्पांना दोर कसा धरायचा ते शिकवत होता.

घर पलीकडच्या उंचवट्यावर उभं राहिलं. वहिनी मुलींना घेऊन परत आल्या. आल्या आल्या त्यांनी घर पाहिलं नाही, आधी मान वर करून आभाळ पाहिलं. मग आत जाऊन चूल मांडली. दादा त्या दिवशी इतके हसत होते की ते आम्हाला ओळखू येईनात.

* * *

वैशाखात वावटळ आली आणि ती फांदी पडली. जुन्या घराच्या जागेवर बरोबर आडवी, जिथं मुलींची अंथरुणं असायची. वाट अडली होती म्हणून दादांनी आम्हाला बोलावलं. मोलगीपर्यंत जीप, पुढं मशीन खांद्यावर घेऊन भर उन्हात चढण. पोहोचेपर्यंत आम्हा तिघांचे शर्ट पिळून काढण्यासारखे झाले होते.

दादांनी चुलीच्या जुन्या राखेवर पडलेला तिचा बुंधा नुसता हातानं चाचपला. आत ओंजळभर भुसा होता. दानियलनं डोळे मिटले. यावेळी बरंच लांबलं, पण कुणी घाई केली नाही.

मग त्यानं मशीनची दोरी ओढायला हात घातला, तसा म्हाताऱ्यानं हात वर केला. थांबा. घरातून वाटीत तांदूळ आणले, फांदीच्या बुंध्याशी ठेवले, चिमूट उचलली आणि उकिडवा बसून दोन-दोन दाणे बाजूला करू लागला. मी म्हणणार होतो की बाबा, आता ती पडलीय, तिला काय विचारायचं? दादांनी माझा हात दाबला.

एक दाणा उरला.

म्हाताऱ्यानं नकाराची मान हलवली आणि तांदळाची वाटी उचलली. आम्ही चौघं मशीन, दोर, पट्टे घेऊन तसेच उभे. भटूआप्पा मान वळवून उतरणीकडे पाहू लागले. मी दादांच्या तोंडाकडे पाहत होतो, की आता हा माणूस सगळ्या मालकांना ऐकवतो ते 'मला विचारा' आपल्या बापाला ऐकवणार.

दादा वडिलांच्या शेजारी उकिडवे बसले. हळूच म्हणाले, "बा, मग उद्या परत विचार ना."

"उद्या बाजार आहे," म्हातारा म्हणाला.