खिशातला चष्मा

राजानंदकडे चष्मा होता. चांगला नंबरचा, दोन भागांचा. वरून लांबचं दिसायचं, खालून वाचता यायचं. फक्त मोटरसायकलवर बसायची वेळ आली की चष्मा शर्टाच्या खिशात जायचा आणि डोक्यावर हेल्मेट चढायचं. दोन्ही एकदम घातलं तर जाड काड्या कानांच्या वर रुतायच्या आणि गाव ओलांडेपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. सकाळच्या गारव्यात काचांवर वाफ धरायची ती वेगळीच. तेव्हा दोहोंतलं एक निवडणं भाग होतं आणि या शहाण्या माणसाने हेल्मेट निवडलं. डोकं वाचलं पाहिजे, असा त्याचा विचार. ते फुटायची वेळ कशामुळे येते, हा पुढचा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नाही.

माणूस तसा बेफिकीर नव्हता. राहायला अंबडला, नोकरी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत. सकाळी नवीन जालन्यातल्या ऑफिसात हजेरी लावायची आणि मग शेतकऱ्यांकडे लावलेले बियाण्यांचे प्लॉट बघत गावोगाव फिरायचं. त्याचे वडील, भिवा, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेले. त्यांच्या लेकाला आता शेतकरी बांधावर बाज टाकून ‘बसा साहेब’ म्हणायचे, याचं राजानंदला अजूनही अप्रूप होतं. त्या कामात त्याने कधी कसूर केली नाही. एसटीने जाऊन ते होण्यासारखंही नव्हतं, कारण बांधापर्यंत एसटी जात नाही.

गाडीच्या मागच्या सीटवर त्याची मुलगी अक्षता असायची. कॉलेज जालन्यात, त्यामुळे अकरावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत बाप-लेकीची जोडी रोज सोबत जायची आणि सोबत यायची. पोरीला एक खोड होती, तिचे हात स्वस्थ बसत नसत. उजव्या खांद्यावर थाप मारली म्हणजे पुढे ब्रेकर, डाव्या खांद्यावर मारली म्हणजे खड्डा, आणि मागून शर्ट ओढला की थांबायचं. हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही म्हणून तिनेच ही भाषा काढली होती. लहानपणी टाकीवर बसायची तेव्हा ती हॉर्न वाजवून वाजवून बापाला वैताग आणायची. राजानंदला वाटायचं, त्याच खेळाची ही पुढची इयत्ता.

“माझ्या पाठीची ढोलकी केली हिनं,” असं तो घरी आल्यावर बायकोला, रूपालीला, कौतुकाने सांगायचा. रूपाली नुसती हुं म्हणायची.

मग अक्षताला नांदेडला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. राजानंदने गल्लीत पेढे वाटले, आणि पोरगी मात्र तोंड पाडून बसली. आज जाते, उद्या जाते, जालन्यातच काहीतरी करते, असं चाललेलं. राजानंदला वाटलं, होस्टेलला घाबरतेय. त्याने तिला आजोबांच्या मजुरीपासून सुरू होणारं मोठं भाषण ऐकवलं. ते तिला पाठ होतं, तरी तिने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि बॅग भरली.

ती गेली आणि काय आश्चर्य, अंबड-जालना रस्ता पार बिघडून गेला. निदान राजानंदचं तरी तसंच म्हणणं होतं. जिथे कधी नव्हते तिथे खड्डे, ध्यानीमनी नसताना ब्रेकर! रोज घरी आला की तो रस्ता करणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचा. रस्ता तोच होता. पाठीवरची ढोलकी तेवढी बंद झाली होती, पण हे त्या भल्या माणसाच्या लक्षात येईल तर ना!

एका संध्याकाळी गावाबाहेरच्या ब्रेकरवरून गाडी उडाली आणि राजानंद रस्त्याकडेला जाऊन पडला. गुडघा सोलला, कोपर सोललं, आरसा फुटला. एवढ्यावर निभावलं. पण तिथेच एक म्हातारी शेळी ओढत रस्ता ओलांडत होती आणि गाडी घसरत तिच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली होती. ‘बाबा, दिसत न्हाई का तुला?’ असं ती ओरडली, तेव्हा राजानंदच्या अंगाला दरदरून घाम फुटला. ती त्याला खरंच दिसली नव्हती.

रूपालीने रात्री हे फोनवर लेकीला सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

“मी परत येते,” अक्षता म्हणाली. “जालन्यात मिळंल ते काम करते. पप्पाला एकट्याला गाडीवर जाऊ देऊ नको.”

फोन बंद झाला तसा राजानंद उसळला. “वेडी झाली का ही पोरगी? माझं जरा खरचटलं म्हणून शिक्षण सोडती?”

“वेडी न्हाई ती,” त्याच्या गुडघ्याला हळद लावता लावता रूपाली म्हणाली. “जायच्या आधी माझ्यापाशी रडली व्हती. म्हणली, आई, पप्पाला गाडीवर बराबर दिसत न्हाई, मी मागं बसते म्हणून नीट घरी येतेत. तुमाला बोललं तर तुमी हसण्यावारी न्यायचे. त्या थापा तुमाला खेळ वाटून राह्यल्या. खेळ नव्हता तो.”

राजानंद त्या थापा आठवू लागला. किती परीक्षांच्या सकाळी, किती थकलेल्या संध्याकाळी ती पोर मागे बसून रस्ता वाचत आली असेल! डोळे मिटायला आले तरी तिने डुलकी काढली नसेल. त्याला लाज वाटलीच. त्याने तोंड भिंतीकडे केलं. आपण इतकी वर्षं जिवंत घरी येत होतो, त्याचे उपकार कुणाचे हे त्याला आज कळलं होतं.

त्याने लगेच फोन लावला. “अक्षू, एवढा आठवडा दम धर. हेल्मेटात बसंल असा चष्मा मिळाला तर तू तिथंच राह्यची. न्हाई मिळाला तर मंग तुझं खरं. पण मिळवतोच बघ.”

दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत तो जालन्यातल्या मस्तगडला भालचंद्रकाकांच्या चष्म्याच्या दुकानात गेला. हेल्मेट डोक्यावरच होतं. काकांनी मान वर करून बघितलं आणि ते हसले. “या राजानंदराव! चष्मा घ्यायला हेल्मेट घालून आलेलं गिऱ्हाईक पहिलंच बघतोय.”

राजानंदने सगळं सांगितलं. म्हातारी, शेळी, अक्षता, सगळं. काकांचं हसू मावळलं. त्यांनी आधी डोळे तपासले. नंबर वाढला होता, म्हणजे खिशातला चष्मा डोळ्यांवर असता तरी अर्धंच काम करता.

फ्रेम निवडायला बसल्यावर राजानंदने पहिली उचलली ती काळ्या काचांची, रुबाबदार. आरशात बघून तो खूश झाला.

“झकास दिसताय,” काका म्हणाले. “पण घरी कधी येता?”

“दिवस मावळता.”

“मग तेव्हा ही काळी काच काढून खिशातच ठेवणार ना?”

राजानंदने ती खाली ठेवली.

काकांनी मग एक हलकी फ्रेम काढली. काड्या बारीक आणि सरळ, कानामागे न वळणाऱ्या. काच पांढरी, पडली तरी तडकणार नाही अशी, समोरच्या दिव्याची चमक कमी करणारी. “आणि गाडीवर ही दोन भागांची भानगड नको. पायाजवळचा रस्ता बघायला गेलात की नजर वाचायच्या काचेतून जाते आणि सगळं पुसट होतं. वाचायचा वेगळा ठेवा.”

पण काकांचं एवढ्याने समाधान होईना. त्यांनी राजानंदला दुकानाबाहेर त्याच्याच गाडीवर बसवलं, स्टँडवर. हेल्मेट घालायला लावलं आणि मग हेल्मेटची पुढची काच उचलून रिकामी फ्रेम हळूच आत सरकवली. “आधी हेल्मेट, मग चष्मा. काढताना उलटं. आजवर तुम्ही चष्म्यावर हेल्मेट दाबत होता, म्हणून टोचायचं.” तसंच बसवून ठेवून ते आत चहा सांगायला गेले. येणारे-जाणारे बघून हसत होते. उभ्या गाडीवर हेल्मेट घालून राजानंद डावीकडे बघत होता, उजवीकडे बघत होता, मान वाकवून टाकीकडे बघत होता. चहा येऊन गार झाला तरी कपाळ ठणकलं नाही.

काचा बसवून आल्या त्या दिवशी पुन्हा तीच कसरत. काका म्हणाले, “त्या टोकाचा बोर्ड वाचा.” राजानंदने वाचला. खालची बारीक अक्षरंही वाचली. मग त्याने रस्त्याकडे बघितलं. डांबरातले खडे सुटे सुटे दिसत होते, आणि पार पलीकडे एका बाईच्या पिशवीतून डोकावणारी मेथी दिसत होती. गाडीवर बसल्या बसल्याच त्याने काकांचे दोन्ही हात धरले.

अक्षता नांदेडलाच राहिली. रोज संध्याकाळी ‘पोचले का?’ असा तिचा फोन मात्र यायचा. दसऱ्याच्या सुट्टीत ती आली तेव्हा राजानंद तिला घ्यायला जालना स्टेशनला गेला. ती मागे बसली. गाडी सुटताच तिचा हात सवयीने त्याच्या उजव्या खांद्याजवळ येऊन थांबला.

अंबड जवळ आलं. गावाबाहेरचा तोच ब्रेकर. हात उचलला गेल्याचं राजानंदला जाणवलं. पण त्याच्या आधीच गाडी हळू झाली आणि अलगद पार झाली. थाप पडलीच नाही.

पुढे थोड्या अंतरावर त्याने गाडी कडेला घेतली. आधी चष्मा काढला, मग हेल्मेट काढलं, आणि मागे वळला.

“अक्षू, इतकी वर्षं तू मला घरी घेऊन येत व्हती. मला माहीतच नव्हतं गं. तुझे लय उपकार हायेत माझ्यावर.”

“पप्पा!” ती म्हणाली आणि तिने ओढणीने डोळे पुसले. मग त्याच्या हातातून चष्मा घेऊन त्याच ओढणीने काचा पुसल्या. “घाला आता. आई वाट पाहून राह्यली.”

राजानंदने हेल्मेट घातलं, चष्मा आत सरकवला आणि गाडी चालू केली. घरापर्यंत वाटेत अजून बरेच खड्डे होते. अक्षता त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपली होती.