फॉर्मवरचा ‘हो’, फोनवरचा ‘नाही’

“जोह्याच्या सुनंदा पाटलांचा रिपोर्ट बघितलास?” जयश्रीताईंनी विचारलं. “आकडा खाली यायचा तर वर गेलाय. गोळी बंद केलेली दिसते. तुझ्या पेशंट आहेत ना?”

मी ‘हो’ म्हटलं आणि फाइल काढली. फाइल अगदी व्यवस्थित होती. दोन कॉलची नोंद, दोन्हींखाली माझी सही.

आमचा एक छोटा गट आहे. पेणमध्ये एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत ऑफिस, आणि महिन्यातून एकदा रोह्याला मीटिंग. क्रॉनिक ल्युकेमिया झाल्याचं ज्यांना नुकतंच कळलंय, त्यांना आम्ही फोन करतो. हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण हळू चालणारा. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना जो प्रकार असतो, त्यात रोज गोळी घेतली तर माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करत राहू शकतो. पण गोळी मनाने थांबवायची नाही. ठरावीक महिन्यांनी एक रक्ततपासणी होते, आणि आजार किती उरलाय ते त्या आकड्यावरून कळतं.

औषध डॉक्टर देतात. आम्ही फक्त बोलतो. त्यालाही एक नियम आहे. पहिला फोन करणारा माणूस स्वतः त्याच आजाराचा पेशंट असला पाहिजे, आणि त्याने ते पहिल्याच मिनिटाला सांगितलं पाहिजे. गट चालवणाऱ्या जयश्रीताई निवृत्त नर्स आहेत. त्या म्हणतात, “मी तीस वर्षं पेशंटना समजावलं. पण जो स्वतः गोळी गिळतो, त्याचं ते लवकर ऐकतात.” म्हणून आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे : ‘कॉलरने स्वतःचा आजार सांगितला – हो / नाही.’

मला हा आजार एकोणिसाव्या वर्षी झाला. त्याला आता सहा वर्षं झाली. जयश्रीताईंनी मला घेतलं ते याचसाठी. आणि मी प्रत्येक फॉर्मवर ‘हो’वर टिक करत होते. सांगितलं मात्र एकालाही नव्हतं.

आमच्या घरी याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. गोळ्यांचं पाकीट कपाटात, ड्रेसच्या घडीखाली असतं. आई म्हणायची, “पेण केवढंसं आहे? उद्या तुझं लग्न ठरवायचंय.” मला ते पटायचं असं नाही. पण सोयीचं होतं. मला तसंही स्वतःबद्दल बोलता येत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे फोनवर मराठी बोलताना मी समोर कागद ठेवून वाचायचे. कागदामागे लपायला बरं वाटायचं.

सुनंदाताईंना पहिला फोन केला तेव्हा त्यांनी मधेच विचारलं, “मॅडम, तुमाला हाय काय ह्यो आजार?”

कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “नाही. मी कोऑर्डिनेटर आहे.”

“बरं बरं,” त्या म्हणाल्या. त्यानंतर मी जे जे वाचलं त्याला त्या ‘व्हय’ म्हणत गेल्या. फोन ठेवला आणि मी रकान्यात ‘हो’वर टिक केली.

दोन महिन्यांनी दुसरा फोन. या वेळी त्यांनीच विषय काढला.

“बोटं आखडतात, मॅडम. आनी सकाळी डोळं सुजतात. हे असंच ऱ्हानार काय?”

त्या जोह्यात गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम हेच. शाळेत असताना त्या हे काम शिकल्या, आणि आता चौतीस वर्षांच्या आहेत. हे सगळं फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. डोळे सकाळी सुजतात आणि दुपारपर्यंत उतरतात. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. हाताला गोळे येतात ते माझे तरी वर्षभरात खूप कमी झाले. आणि डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर उपाय असतात, मलाही दिले होते. पण हे सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता : तुमाला कसं ठावं?

म्हणून मी वाचलं, “हे सामान्य साइड इफेक्ट्स आहेत. कृपया आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा.”

“बरं, मॅडम,” त्या म्हणाल्या.

मी कॉलची नोंद केली : पेशंट समाधानी.

आता जयश्रीताई म्हणाल्या, “फोन नको. जाऊन ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी जोह्याला गेले. जाताना डोळ्यांत काजळ घातलं. सकाळी मी नेहमीच घालते, सूज झाकायला.

कारखान्यात मूर्ती ओळीने उभ्या होत्या, सगळ्या पांढऱ्या. सुनंदाताई पाटावर बसून एका मूर्तीच्या बुबुळाला काळा रंग देत होत्या. हात अगदी स्थिर होता. मी नाव सांगितलं.

“फोनवाल्या मॅडम,” त्या म्हणाल्या. “बसा. रंगाला हात लावू नका, वल्ला हाय.”

मी सरळ विचारलं, “गोळी बंद केली?”

“केली. दीड महिना झाला.” त्या ब्रश चालवतच बोलत होत्या. “रेघ हलाय लागली. शेठनी आखणीवरनं काढून घासकामाला बसवली. वीस वर्षांनी घासकाम. पोरी हसाय लागल्या, म्हनल्या, काकी नव्यानं कामाला लागली. गोळी सोडली तवा हात जाग्यावर आला, शेठनी परत आखणी दिली. म्हटलं, गनपती होऊ दे, मग घेईन गोळी.”

मी पिशवीतून कागद काढला आणि वाचायला लागले. गोळी थांबवल्याने आजार बळावू शकतो, वगैरे. दोन वाक्यं झाली असतील. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कुणी माझ्याकडे इतका वेळ बघितलेलं मला आठवत नाही.

“काजळ कशाला घालता?”

“सवय आहे.”

“सुजल्या पापनीखाली रेघ मारली का सूज जास्त दिसते. आमी मूर्तीला तशी मारत नाय.” मग आवाज खाली करून म्हणाल्या, “दुपारी उतरते ना?”

“हो.”

“बोटं?”

“आधी आखडायची. आता कमी.”

“किती वर्सं?”

“सहा.”

मागे कुणीतरी पॉलिश पेपरने मूर्ती घासत होतं.

“मी विचारला व्हता,” त्या म्हणाल्या. “फोनवर, पयल्याच दिवशी. आठवतंय?”

मी मान हलवली.

“खोटं बोललीस गो तू.”

इतका वेळ त्या मला ‘मॅडम’ म्हणत होत्या. पुढे म्हणाल्या, “मला वाटलं माज्याच रक्तात खोट हाय. बाकीच्यांना गोळी लागू पडते, मला नाय सोसत. तवा माज्यासाठी नाय ती, असं धरून चालली मी. आनी तू तिकडं बसून...”

मी ‘सॉरी’ म्हटलं. त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. मग मी कागद पिशवीत टाकला आणि मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. माझं मराठी तीनदा अडखळलं. शेवटी म्हटलं, “सूज दुपारी उतरते. शेठना विचारून आखणी दुपारनंतर ठेवता येईल का?”

“ते मी बघीन. शेठ मला वळखतात,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरकडं कदी जायाचं, तेवढं सांग.”

ऑफिसमध्ये परत आल्यावर मी जयश्रीताईंना रकान्याबद्दल सांगितलं.

“किती फॉर्म?”

“सगळे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, काढून टाकतील. त्या म्हणाल्या, “सगळ्यांना फोन कर. आजच सुरू कर. इथे माझ्यासमोर बसून.”

तीन दिवस लागले. नागोठण्याचे एक गृहस्थ म्हणाले, “मग आमची चेष्टा चालवली होती काय?” आणि फोन ठेवला. रोह्याच्या एका आजी म्हणाल्या, “अगो बाय, एवढीशी पोर तू,” आणि रडल्या. मला शिव्या परवडल्या असत्या. चौथ्या दिवशी मावशीचा आईला फोन आला, म्हणजे बातमी घरापर्यंत पोचली होती. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गोळ्यांचं पाकीट कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

सुनंदाताईंची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. बोटांसाठी उपाय दिला. शेठनी आखणी दुपारनंतर ठेवायला कबूल केलं. सणाआधीच्या शेवटच्या महिन्यातले बरेचसे गणपती त्यांच्याच हातचे होते. पुढचा आकडा खाली आला, पण डॉक्टरांना हवा तितका नाही. गोळी बदलावी लागेल का, ते पुढच्या रिपोर्टवर ठरेल. तो दीड महिना गेला नसता तर आकडा कुठे असता, हे कुणालाच सांगता येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं.

रोह्याच्या मीटिंगला सुनंदाताई आल्या. जयश्रीताईंनी त्यांना विचारलं, यापुढे तुम्हाला फोन कुणी करावा? मी शेजारीच उभी होते. सुनंदाताई म्हणाल्या, “धाटावचे मोरे काका चालतील. त्या पोरीला आधी तिचं तिला निस्तरू दे.” मोरे काका कंपनीत ऑपरेटर आहेत, नऊ वर्षं गोळी घेतात, आणि भेटेल त्याला सांगतात. चहाच्या टपरीवरसुद्धा. पूर्वी मला ते जरा अति वाटायचं.

फॉर्म आता बदललाय. मी अजूनही पहिले फोन करते आणि पहिल्याच वाक्यात माझा आजार सांगते. पण तो रकाना मी भरत नाही. दुसऱ्या दिवशी जयश्रीताई स्वतः पेशंटला फोन करून विचारतात, “काल जी बोलली, तिला काय झालंय?” आणि पेशंट जे सांगेल ते लिहितात.