एकविसाव्या दिवशीचा जनरेटर

शिरोळला घरामागच्या खोलीत बायकोनं अंडी उबवायचं मशीन मांडलं, तेव्हा लोडशेडिंगनं वैताग आणलेला. लाईट गेली की डिझेल जनरेटर लावायचं काम माझं. तिच्या पहिल्याच खेपेचा एकविसावा दिवस उजाडला. पिलं आतून टरफलाला टोचे मारत होती, कान लावला की चिवचिव ऐकू यायची. बायको चहालासुद्धा उठली नव्हती. आणि नऊला लाईट गेली. पावसात कुठंतरी तार तुटलेली, म्हणजे दिवसभराचा खोळंबा.

हँडल मारलं. इंजिन दहा मिनिटं चाललं आणि फुस्स. परत मारलं, घेईना. जरा थांबून मारलं तर घेतलं, पुन्हा दहाच मिनिटं. दोन दिवस त्याचे हेच नखरे चाललेले, आणि मी शहाणा, "चालतंय की" म्हणत बसलेलो! नळीतली हवा काढली, फिल्टर बदलला, शिव्या तर पोटभर घातल्या. तळहाताला फोड आले. आतून बायको विचारायची, "आवो, मशीनचं दार उघडू का झाकू?" झाकलं तर पिलं गुदमरणार, उघडलं तर ऊब जाणार. मला काय डोंबल कळत होतं! मी तिच्यावरच खेकसलो, "घाण डिझेल तूच ओतलं असशील!" गोधडी आणून तिनं ट्रेवर पांघरली.

शेवटी मागं बिलावरून ज्या फिटरशी भांडलेलो, त्याच्याच दारात गेलो. अडला हरी, दुसरं काय. तो दुपारी आला. इंजिनाला त्यानं हातच लावला नाही. टाकीचं टोपण फिरवलं, तशी सुस्सकन हवा आत गेली.

"मालक, टोपणाला हवेसाठी बारीक भोक असतंय. हे कुणी बुजवलंय?"

परवा खंडेनवमीला इंजिन धुऊन पुसून मीच हळद-कुंकू कालवून फासलं होतं, हात सैल सोडून. ते वाळून भोकात बसलेलं. हवा न्हाय म्हणून डिझेल उतरत न्हाय, एवढी साधी गोष्ट. त्यानं काडीनं भोक मोकळं केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता इंजिन थांबायचं नाव घेईना. मी धावत आत गेलो. मशीनचा पंखा फिरत होता. बायको ट्रेवर वाकलेली.

"चालू झालं बघ! आता न्हाय बंद पडत."

"त्या आवाजात काय ऐकूच येईना," ती म्हणाली. "जरा बंद करा."

मी जाऊन बंद केलं. येऊन तिच्याशेजारी बसलो, ट्रेला कान लावला. बाहेर पाऊस तेवढा वाजत होता.