घराला हात न लावता

बनसोडे सर कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी एक कोरा कागद पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "ह्यात असं काय काय हाय, जे गेलं तर परत मिळणार न्हाय? लिहा." नुसतं तोंडी सांगून भागायचं नाही. स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. आमच्या शाळेच्या क्लार्कनं एकदा वैतागून 'सगळं' एवढा एकच शब्द लिहून कागद परत केला. सरांनी तो तसाच उलटा सरकवला. "सगळं म्हंजे कायच न्हाय, भाऊसाहेब. नाव घालून लिहा." भाऊसाहेब तावातावानं लिहायला बसले आणि पाचव्या ओळीला त्यांचा चेहरा उतरला. मुलीच्या बारशाचे फोटो त्याच मशीनमध्ये होते आणि दुसरीकडं कुठंच नव्हते, हे त्यांना तेव्हा आठवलं. त्या दिवशी त्यांनी सरांना काही काम सांगितलं नाही. उलट फोटो पेनड्राइव्हवर घेऊन मुकाट घरी गेले.

सर आता नाहीत. मागच्या उन्हाळ्यात गेले. हृदयविकाराचा झटका, वय अवघं एक्केचाळीस. लोहाऱ्यातल्या आमच्या हायस्कुलात ते कॉम्प्युटरचे शिक्षक आणि मी मराठीची. वयानं मी त्यांच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, तोंडानं त्याहून मोठी. ते अंगानं बारीक, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, बोलणं हळू. लॅबमधल्या दहा जुनाट मशीन दुसरं काही पेलत नव्हत्या, म्हणून त्यांनी स्वतः शिकून, रविवार घालवून त्यांच्यावर लिनक्स ही फुकटची सिस्टीम बसवली होती. "म्हाताऱ्या झाल्यात ह्या, मॅडम. ह्यांना हलकं जेवण लागतंय," असं म्हणायचे. त्यांची खुर्ची कायम दाराजवळ. दाराला आतून वीट लावलेली, कितीही वारा सुटला तरी ते मिटू नये म्हणून.

भित्रा माणूस. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणायची. आमच्याकडं तेरखेड्याचे फटाके दिवाळीच्या आधीच पोरांच्या खिशात येतात. एकदा मधल्या सुट्टीत कुणीतरी लॅबच्या मागं सुतळी बॉम्ब लावला. आवाज विरायच्या आत सर मैदानाच्या मधोमध उभे, पायात चप्पल नाही, हातात खडू तसाच. पोरं हसली. पोरांना मी असं काही झापलं की दोघं रडली, आणि मग सरांकडं जाऊन, माझीच जीभ ती, मीच म्हणाले, "सर, एवढं काय भ्यायचं?"

"भितोय की, मॅडम. त्यात लपवायचं काय?" ते म्हणाले. "भ्यालेला माणूस दोनदा बघतोय, एवढंच."

नंतर स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं की सरांचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपातलं. ते नऊ वर्षांचे होते. घर पडलं, त्यात त्यांची थोरली बहीण गेली. आमच्या भागात हे असं कुणीतरी दुसराच सांगतो. ज्याचं गेलं त्याला कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याचंही काहीतरी गेलेलंच असतं. मला लाज वाटली, पण माफी मागायची राहून गेली.

आता माझ्या रेकॉर्डिंगविषयी सांगायला हवं. मी अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी जीपनं भूकंपातल्या गावांना जायची आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायची. भूकंपाचं नाही विचारायची. जुन्या गावाचं विचारायची. तुमच्या गल्लीत कोण कोण राहायचं, आड कुठं होता, कुणाच्या घरी भांडण कशावरून व्हायचं. नवं गाव वसलं तेव्हा घरांना नंबर आले आणि गल्ल्या गेल्या. त्या गल्ल्या या माणसांच्या तोंडात तेवढ्या शिल्लक होत्या. अशी त्रेसष्ट रेकॉर्डिंग झाली. बोलणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं त्यानंतर वारली. ते सगळं लॅबमधल्या कोपऱ्यातल्या मशीनमध्ये होतं. ती मशीन सरांनी मला दिली होती आणि तिथं पोरांना बसू देत नसत.

त्या मशीनवरचं लिनक्स फार जुनं झालं. बोर्डाचा फॉर्म उघडेना, आवाज साफ करायचं नवं साधन चढेना. मी म्हटलं, नवं टाका. सर म्हणाले, बघू. सहा-सात महिने ते "बघू" म्हणत राहिले. आधी परीक्षा, मग पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, मग त्यांचा जीवच होईना. शेवटी मी चिडले. "सर, तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, मी धाराशिवहून माणूस आणते." हे त्यांना लागलं असावं. "येतंय," ते म्हणाले. "येतंय म्हणूनच भ्या वाटतंय."

कसं करणार ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. डिस्कचे दोन भाग होते. एका भागात लिनक्स स्वतः, दुसऱ्या भागात आपलं घर. 'घर' हा सरांचाच शब्द. म्हणजे आपल्या फाइली, आपल्या खुणा, माझा मराठी कीबोर्ड, अक्षरांचा आकार, सगळं जिथल्या तिथं. पहिला भाग पुसून नवा लिहायचा, दुसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. "घराला हात लावायचा न्हाय. नुसता पाया बदलायचा," ते म्हणाले आणि कागदावरच्या घराभोवती पुन्हा एक रेघ ओढली. मी म्हटलं, मग झालं तर, भ्यायचं कशाला? ते म्हणाले, "तरीबी सगळं बाहेरच्या डिस्कवर घेऊन मगच. डिस्क मी आणतो."

दिवाळीच्या सुट्टीतला दिवस ठरला. सकाळी दहाची वेळ, शाळा रिकामी. सर यूपीएसची बॅटरी आणायला स्टँडकडं गेले, मधेच लाईट गेली तर असावी म्हणून. मला दम कुठला! त्यांची डिस्क टेबलावर होती. मी ती जोडली, माझ्यासमोरचं 'आवाज' नावाचं फोल्डर उचललं आणि डिस्कवर टाकलं. चुटकीसरशी झालं. डिस्कवर जाऊन उघडून पाहिलं, त्रेसष्टच्या त्रेसष्ट फाइली. एक लावली, वाजली. स्वतःवरच खूश झाले.

सर आले. मी म्हटलं, "झालं की माझं. तुम्ही उगाच डोंगराएवढं करून ठेवलं होतं."

"कदी लावलं?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली नसतील."

त्यांनी बॅटरी खाली ठेवली. "अकरा वर्षांचा आवाज पाच मिनिटांत?"

"उघडून बघितलंय मी, सर. वाजवून बघितलंय."

"ह्याच मशीनवर?"

"मग काय स्टँडवर जाऊन बघू?"

त्यांनी डिस्क काढली आणि पलीकडच्या मशीनला लावली. 'आवाज' तिथं दिसत होतं. सरांनी ते उघडलं. पडद्यावर आलं की हा दुवा तुटलेला आहे. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. आत काहीच नव्हतं. एकही फाइल नव्हती.

हातपाय गळाले म्हणतात ते मी तोवर नुसतं निबंधात शिकवलं होतं. मी जे उचलून ठेवलं होतं ते फोल्डर नव्हतंच. ती फोल्डरकडं नेणारी खूण होती, कोपऱ्यात बारीकसा बाण असलेली. त्या मशीनवर ती खरी जागा दाखवायची म्हणून सगळं दिसलं आणि वाजलं. मशीन बदलली तशी ती आंधळी झाली.

"मग खऱ्या फाइली कुठं आहेत?" मी विचारलं. सर माझ्या मशीनवर बसून शोधायला लागले. फाइली घरात नव्हत्या. त्या पहिल्या भागात होत्या, जो आम्ही आता पुसणार होतो. एक बटण दाबायचं बाकी होतं.

"कुणी ठेवल्या तिथं?" मी ओरडलेच.

सरांनी कीबोर्डवरचे हात काढले. "मीच," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली आसतील. पोरं कुणाच्याबी घरात शिरून फाइली पुसायची, तुमच्या फाइलींना हात लागू नये म्हणून मीच आत नेऊन ठेवल्या. सगळ्यात मजबूत जागा म्हणून. वर ही खूण लावली अन् इसरलो."

मग त्यांनी, मी काही न विचारता, बोलायला सुरुवात केली. मी त्यांना तसं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"आमच्या अक्काचा एकच फोटो होता, मॅडम. लोहाऱ्याच्या बाजारात काढलेला. आबांनी तो जमिनीच्या कागदाबरोबर डब्यात घातला अन् मधल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवून वरून लिंपून घेतलं. दोन हात जाडीची भिंत. पोरांचा हात लागू नये, चोराचा लागू नये. घरातली सगळ्यात मजबूत भिंत तीच. पडली तीबी तीच, अन् अक्का तिच्याच खाली झोपली होती. मला तिचं तोंड आठवत न्हाय. आवाजबी न्हाय. अन् आज मी तुमच्या माणसांना तसंच लिंपून ठेवलं होतं."

मी पलीकडच्या मशीनची डिस्क काढून त्यांच्यापुढं ठेवली.

खऱ्या फाइली डिस्कवर जायला अडीच तास लागले. त्यानंतर सरांनी मला पलीकडच्या मशीनवर बसवून एकेक फाइल उघडायला लावली. सुरुवातीचं थोडं ऐकायचं, शेवटचं थोडं ऐकायचं, मग पुढची. ते माझ्या मागं उभे राहून नंबर म्हणत होते. चाळीस झाल्यावर म्हणाले, "तुमी चालू ठेवा, मी पाणी पिऊन येतो," आणि बाहेर गेले. एक्केचाळीसाव्या फाइलीत सखूबाई होती, त्यांच्याच गल्लीतली. सरांना ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. सखूबाई त्यांच्या घराविषयी, त्यांच्या अक्काविषयी बोलली होती आणि मी आठ वर्षं त्यांना ते सांगायला धजले नव्हते. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. ती फाइल मी ऐकली, पुरती आहे याची खात्री केली. बेचाळीसाव्याला सर परत येऊन उभे राहिले.

दुपारी त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर पट्टी हळूहळू भरायला लागली. "आता मधे थांबवता येत न्हाय," ते म्हणाले. डिस्क माझ्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती, तरी माझा जीव टांगणीला. पट्टी निम्म्यावर आली आणि बाहेर रस्त्यावर धडाडधूम झालं, कुणीतरी माळच लावली होती. खिडकीची तावदानं थरथरली. सर उठले. खरंच उठले, दाराकडं एक पाऊल टाकलं. चेहरा पांढराफटक. मग लाईट गेली, पंखा थांबला आणि मशीन तेवढी बॅटरीवर चालू राहिली. बॅटरीची वायर सैल होती. सर मागं फिरले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी ती वायर धरून ठेवली. माळ वाजत होती. त्यांचे खांदे प्रत्येक आवाजाला उडत होते, पण हात सुटले नाहीत. मी म्हटलं, "सर, मी धरते, तुम्ही मैदानात जा." ते म्हणाले, "नका, नका. तुमी पट्टीकडं बघा." किती वेळ गेला कुणास ठाऊक. पट्टी भरली.

मशीन पुन्हा सुरू झाली. माझं मागचं चित्र, माझा कीबोर्ड, मोठी अक्षरं, सगळं जसंच्या तसं. पाया नवा आणि घर तेच. 'आवाज' आता खऱ्या घरात, खऱ्या फाइलींसकट ठेवलं. मी खुर्चीतच डोळे पुसले. सर उठून दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीवर बसले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "एक्केचाळीस लावा."

मी त्यांच्याकडं पाहिलं. "आज राहू द्या, सर. पुन्हा कधीतरी."

"आज माझ्या हातानं पुसली आसती. ऐकायच्या आधीच. लावा."

मी लावली. सखूबाईचा खरखरीत आवाज लॅबमध्ये भरला. आड, लिंबाचं झाड, कुणाची म्हैस कुणाच्या दारात, आणि मग: "बनसोड्याची थोरली, लई गुणाची पोरगी. सावळी, उंच. म्होरला एक दात तुटल्याला, म्हून हसाय लागली की तोंडावर हात धरायची. धाकट्याला कडंवर घिऊन आख्ख्या गल्लीत हिंडायची. त्यो जड झाला तरी खाली ठिवायची न्हाय."

सर हलले नाहीत. सखूबाई पुढं दुसऱ्याच घराविषयी बोलायला लागली. मी आवाज बंद केला.

"दात म्या पाडला व्हता," सर म्हणाले. लॅबमध्ये जरा सांभाळून बोलणारे सर आता पुरते त्यांच्या गावच्या बोलीत बोलत होते. "गोट्या खेळताना दगड मारला. आईला सांगितलं न्हाई तिनं. पडले म्हनली." मग त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि चेहऱ्यावरची भीती, जी मी इतकी वर्षं त्यांचा चेहराच समजत होते, ती त्या घटकेपुरती तिथं नव्हती. "दिसाय लागली, मॅडम. तोंड दिसाय लागलं तिचं. परत लावा."

मी परत लावलं.